रिबलहेडचा स्टेशन इन : वारसा, की गोऱ्यांचा गुत्ता?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लीड्सला येऊन मला नऊ वर्षं झाली. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एका पबचा फोटो टाकला आणि वादाला तोंड फुटलं. एका काकांनी लिहिलं, "दारूच्या दुकानाचा कसला आलाय इतिहास?" त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथे भांडायला जागा पुरेना, म्हणून हा धागा.

पबचं नाव स्टेशन इन. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातलं रिबलहेड हे गाव म्हणावं असं गाव नाहीच. एक स्टेशन, त्याच्या खाली रस्त्याला लागून हा पब, चार शेतघरं, असंख्य मेंढ्या आणि समोर २४ कमानींचा दगडी पूल. पूल ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच. सेटल ते कार्लाइल ही साधारण ११६ किलोमीटरची लाइन त्यावरून जाते. पब त्या लाइनच्याच पिढीतला, १८७० च्या दशकातला.

या लाइनची गंमत अशी की ती बांधायची कुणाला इच्छाच नव्हती. मिडलंड रेल्वेला स्कॉटलंडला जायला स्वतःचा रस्ता हवा होता, म्हणून त्यांनी १८६६ मध्ये संसदेकडून परवानगी मिळवली. मग प्रतिस्पर्ध्याशी जमेल असं दिसल्यावर १८६९ मध्ये "नको आम्हाला" म्हणून परत संसदेत गेले. संसद म्हणाली, आता बांधाच. शार्लंड नावाचा टास्मानियाचा तरुण इंजिनिअर आखणी करत होता. तो आणि त्याची माणसं इथून जवळच्या गिअरस्टोन्सच्या सराईत तीन आठवडे बर्फात अडकली. दार बर्फाखाली गेलेलं. दारापासून घोड्यांच्या पाण्याच्या हौदापर्यंत बर्फातून बोगदा खणून पाणी आणायचे. लाइनवर पुढे १४ बोगदे झाले, पण त्याआधीचा हा पंधरावा एका पबच्या दारातून निघाला होता! शार्लंड बिचारा तरुणपणीच क्षयाने गेला. ती सराई स्कॉटलंडहून गुरं हाकत येणाऱ्यांचा मुक्काम होती, रेल्वेच्या खूप आधीची. आता ती पब नाही.

मी स्टेशन इनमध्ये पहिल्यांदा गेलो तो नोव्हेंबरात, व्हर्नसाइडचा डोंगर उतरून, आतून-बाहेरून भिजलेला. काउंटरवरच्या बाईंनी काय घेणार हे विचारायच्या आधी जुनी वर्तमानपत्रं हातात दिली, बुटांत कोंबा म्हणाल्या. शेजारच्या बाकावर कुत्रं घेऊन एक आजोबा. मी पुलाचं विचारल्यावर त्यांनी टेबलावरच्या बिअरच्या कागदी चकत्या उभ्या केल्या, पाच बारीक आणि सहावी दोन चकत्या जोडून जाड. मग एका बारीक चकतीला टिचकी मारली. तिच्या शेजारणी आडव्या झाल्या, जाड चकतीपाशी पडझड थांबली. "म्हणून दर सहावा खांब जाड," म्हणाले. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरची अक्कल मला ओल्या टेबलावर अर्ध्या मिनिटात कळली.

माझं म्हणणं एवढंच: रेल्वेचा इतिहास स्टेशनात राहत नाही. रिबलहेडचं स्टेशन १९७० मध्ये बंद झालं, १९८६ मध्ये अर्धं उघडलं, उत्तरेचा फलाट १९९३ ला आला. मधल्या काळात आठवणी सांगायला जागा उरली ती हा पबच. १९८० च्या दशकात सरकार अख्खी लाइन बंद करायला निघालं, तेव्हा २२,००० हून जास्त हरकती गेल्या. त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, रस्वॉर्प नाव त्याचं, आणि तो ग्राह्य धरला गेला. ११ एप्रिल १९८९ ला लाइन वाचली. अशा पबांना देवळासारखं नाही तर निदान वाड्यासारखं संरक्षण असावं. नसावं असं वाटणाऱ्यांनी कारण द्यावं, नुसतं नाक मुरडू नये.

कांदाभजी

धागा वाचून तहान लागली. बाकी चालू द्या.

उंबरा

नाक मुरडत नाही, कारण देते.

मी चंद्रपूरची. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला बाया चालत गेल्या, त्यांत मी होते. २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. तेव्हा दारूच्या दुकानाच्या दारात मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे. तुमच्या चकत्या छान आहेत. पण त्या टेबलाशी तुम्ही बसला होतात ते डोंगर उतरून आलेले प्रवासी म्हणून. १८७२ मध्ये त्या माळावर नवऱ्याच्या पगाराची वाट बघणारी बाई असतात, तर हीच गोष्ट वेगळी सांगितली असती.

पूल बांधणारे मजूर कसे राहत होते ते तुम्ही एका ओळीतही लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. नॅव्ही म्हणत त्यांना, कालवे खणणाऱ्यांचं नाव पुढे रेल्वेवाल्यांना चिकटलं. लाइनवर सहा हजारांच्या आसपास माणसं होती. पुलाखालच्या चिखलात लाकडी झोपड्यांच्या वस्त्या, नावं सेबास्टोपोल, जेरिको, बेलग्रेव्हिया. बेलग्रेव्हिया हा लंडनचा श्रीमंत भाग, म्हणजे विनोदबुद्धी शाबूत होती. १८७१ मध्ये देवीची साथ आली. चॅपेल-ल-डेलच्या एवढ्याशा चर्चमध्ये दोनशेच्या वर माणसं पुरली, दफनभूमी वाढवावी लागली.

आणि दारू? इंग्लंडच्या संसदेला खाणकामगारांसाठी १८४२ मध्ये कायद्यात लिहावं लागलं की मजुरी पबमध्ये वाटायची नाही. बाकी कामगारांसाठी तेच लिहायला १८८३ उजाडलं. म्हणजे हा पूल बांधून, गाड्या धावायला लागून सात वर्षं होईपर्यंत मुकादमाने पगार पबमध्ये बसून वाटला तर बेकायदेशीर नव्हतं. कायदा उगाच होत नाही, घाटवाट. आमच्याकडे पगाराच्या दिवशी बाया गुत्त्याच्या तोंडाशी उभ्या असायच्या, खिशात काही उरलंय का बघायला. तुमच्या वारशाच्या दाराशी त्या बायका कुठे आहेत?

कर्जतचा बँकर

नावावरून गैरसमज नको, बँकेत नव्हतो. बोरघाटात गाडीला मागून रेटा देणारं इंजिन ते बँकर. ३४ वर्षं रेल्वेत काढली.

धागाकर्त्यांनी चढाचा आकडा दिला नाही हे आम्हा लोकांना सहन होत नाही. सेटल-कार्लाइलला ड्रायव्हर लोक 'लॉन्ग ड्रॅग' म्हणतात. चढ १०० ला १, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर एक मीटर वर. आमचा बोरघाट ३७ ला १! पण हसणार नाही. वाफेचं इंजिन, २०-२५ किलोमीटर सलग चढ, वरून बर्फ आणि तो वारा. फायरमनच्या पाठीचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक.

मूळ मुद्दा. रेल्वेचा इतिहास पबात राहतो, हे मला मंजूर नाही. तो रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत राहतो. आमच्या गप्पा, किस्से, कुठल्या वळणावर कुणाची गाडी मागे घसरली, हे सगळं पिठलं-भात खाताना पुढच्या पिढीकडे गेलं. त्याला बिअर लागली नाही. पब हा प्रवाशांचा आणि हौशी लोकांचा. तुम्ही भेटलात ते आजोबा रेल्वेत होते का, ते विचारलंत?

दुसरं, बोरघाट २१ एप्रिल १८६३ ला उघडला, म्हणजे तुमच्या पुलाच्या आधी. २५ बोगदे. १८६१ मध्ये चाळीस हजारांवर मजूर कामाला होते. मेले किती याचा एक अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. पटकी, ताप, सुरुंग. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली होती घाटात. पुढे ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार आला आणि काही आठवड्यांतच वारला. काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, तडीस नेलं. उंबराताई, बाई शोधत होतात ना, ही घ्या एक. पण ती गोरी आणि कंत्राटदारीण. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या हजारो बायकांचं नाव कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे शिल्लक काय, तर जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ. घाटाची वाट दाखवणारा धनगर. १९२९ चं देऊळ आहे, गाडीवाले अजून नाणं टाकतात. तो आमचा स्टेशन इन समजा. फक्त तिथे मिळतं ते खोबरं.

स्मेदिकचा भाचा

मी बर्मिंगहॅमजवळ वाढलो. माझे मामा १९६१ मध्ये इथे ओतकाम करायला आले. त्यांच्या तोंडचा पबचा इतिहास ऐका.

कारखान्यातून सुटल्यावर गोरे सहकारी पबमध्ये जायचे. मामा आणि त्यांचे पंजाबी दोस्त गेले तर मागच्या खोलीत बसवायचे. पुढच्या चांगल्या खोलीत 'आमच्या गिऱ्हाइकांना आवडत नाही'. काही ठिकाणी सरळ नाही. कलर बार म्हणायचे त्याला. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा नेता माल्कम एक्स स्मेदिकला आला होता, वर्णभेदासाठी गाजलेली मार्शल स्ट्रीट बघायला. तोही इथल्या एका पबमध्ये गेला आणि त्यालाही पुढच्या खोलीत दिलं नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनवाल्यांनी मोहीमच काढली होती: आधी गोरे विद्यार्थी आत जाऊन बिअर घेणार, मागोमाग आपले लोक जाणार, नकार मिळाला की साक्षीदार तयार. त्याच वर्षाअखेरीस कायदा झाला आणि पबमध्ये वर्णावरून नाकारणं बेकायदेशीर ठरलं.

तेव्हा 'गावाची जागा', 'सगळ्यांची बैठक' वगैरे ऐकलं की मला मामांचा चेहरा दिसतो. सगळ्यांची म्हणजे कुणाची? बायकांचंही तेच. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका नामांकित बारमध्ये बायकांनी काउंटरपाशी उभं राहून पेय मागवायचं नाही, मागे टेबलावर बसायचं, असा नियम होता. तो १९८२ मध्ये कोर्टात मोडला. १९८२! तेव्हा मी शाळेत होतो.

पण आता माझीच बाजू उलटवतो. जे पब ओस पडले ते आमच्याच लोकांनी चालवायला घेतले. आज वेस्ट ब्रॉमिच, स्मेदिकच्या देसी पबमध्ये शनिवारी जागा मिळत नाही. कबाबाची जाळी, मोठ्या पडद्यावर क्रिकेट, आणि कोपऱ्यात म्हातारा गोरा, तीस वर्षं त्याच स्टुलावर. मामांना ज्या खोलीत बसू दिलं नव्हतं तशा खोलीत मी माझ्या मुलाचा वाढदिवस केला. म्हणून भिंती पाडा असं मी म्हणणार नाही. भिंती ठेवा. त्यांच्यावर पुलाच्या फोटोशेजारी ही गोष्टही लावा.

घाटवाट

उंबराताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वस्त्यांबद्दल लिहिलं नाही ही चूकच. मला त्या ठाऊक होत्या. फोटोच्या नादात राहून गेलं, आणि तुम्ही म्हणता तसं, राहून जाणं हाच तर रोग आहे.

पण १८४२ आणि १८८३ चे कायदे माझ्याही बाजूने वाचता येतात. संसदेने पबवर बंदी नाही घातली, पगाराला पबबाहेर काढलं. आजार कुठे आहे ते ओळखून तेवढाच भाग कापला. चंद्रपूरला सहा वर्षं बंदी राहिली, त्या काळात दारू मिळायची थांबली होती का? चोरून येणाऱ्या दारूचा धंदा किती वाढला, ते तुम्हीच जास्त चांगलं सांगाल.

बँकरकाका, आजोबांना विचारलं नव्हतं. नुसते कुत्रेवाले आजोबा. हरलो.

किचकट

उंबरा यांच्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती आणि धागाकर्त्यांच्या भाबडेपणात मोठी.

दुरुस्ती अशी की रिबलहेडची वस्ती १८४० च्या दशकातल्या वस्त्यांइतकी वाईट नव्हती. १८४६ मध्ये संसदेची समिती रेल्वे मजुरांच्या हालांवर बसली होती. तेव्हा पगार महिन्यामहिन्याने, मधल्या काळात मुकादमाच्या दुकानातून उधारीच्या चिठ्ठ्यांवर माल, निकृष्ट आणि महाग. रिबलहेडला शाळा होती, वाचनालय होतं, इस्पितळ होतं, ब्रॅडफर्डहून आलेले धर्मोपदेशक होते. माणसं मेली ती मेलीच, पण कंपनी थोडीफार शिकली होती.

आता भाबडेपणा. इंग्लंडच्या 'जुन्या गावठी पबां'पैकी बरेचसे रम्य परंपरेतून उगवलेलेच नाहीत. १८३० मध्ये सरकारने कायदा केला: कर भरणाऱ्या कुणीही वर्षाला दोन गिनी भराव्यात आणि घरात बिअर विकावी. का? तर लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी म्हणून. पाहता पाहता हजारो घरांच्या पुढच्या खोल्या दुकानं झाल्या. परंपरा म्हणून आपण जी जपायला निघालो आहोत, तिच्यातला मोठा तुकडा एका अर्थसंकल्पी युक्तीचा आहे.

आणि पब म्हणजे नुसतं पिणं नव्हे हेही तितकंच खरं. लिलाव तिथे, मजूर संघटनेची बैठक तिथे, आणि प्रेताची चौकशीही तिथेच! खेड्यात दुसरी मोठी खोली नसायची. बोगद्यात माणूस मेला की कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी यायचा, बारा-पंधरा ज्युरी बसायचे, प्रेत बघून यायचे, निकाल द्यायचे, आणि मग घसा ओला करायचे. दुसरी योग्य जागा असेल तर दारूच्या दुकानात चौकशी घ्यायची नाही, हा कायदा १९०२ चा. म्हणजे रेल्वेच्या जन्माचे दाखले स्टेशनात असतील, पण तिच्या मृत्यूचे दाखले अशाच खोल्यांत लिहिले गेले. मला विचाराल तर जपायचं ते या कारणासाठी. बुटांतल्या वर्तमानपत्रासाठी नव्हे.

एक प्रश्न मात्र मराठी माणूस म्हणून टोचतो. स्वतःच्या खेड्यातली बिअर गोऱ्याने वारसा म्हणून जपली. आमच्या खेड्यातल्या मोहाच्या दारूचं काय केलं? १८७८ चा मुंबई अबकारी कायदा: गाळणी सरकारी मक्त्याखाली, ताडीच्या झाडावर कर. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध आणले. फुलं! कातकऱ्याच्या घरात मोहाची फुलं सापडली तर तो गुन्हेगार. त्या माणसाची 'गावची बैठक' कुणी नोंदवली? आमच्याकडे 'गुत्ता' हा शब्द तोंडात आला की थुंकावंसं वाटतं. त्यात महसूल खात्याचा वाटा किती, हे एकदा तपासून बघा.

उंबरा

किचकट, मोहाबद्दल शंभर टक्के मान्य. आमच्या गोंड गावांत मोह देवाला लागतो, बारशाला लागतो, मरणाला लागतो. त्या मोहाविरुद्ध मी कधीच चालले नाही. मी चालले ते ठेकेदाराच्या देशी दुकानाविरुद्ध. हा फरक मुंबईच्या लोकांना समजावून घसा बसला.

घाटवाट, बंदीत चोरटी दारू आली हे नाकारत नाही. गाड्याच्या गाड्या आल्या. पण तुम्ही 'तेवढाच भाग कापला' म्हणता, तर तो भाग कुणी कापायचा? आपल्याकडे आडव्या बाटलीचा नियम आहे. वॉर्डातल्या नोंदलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, नोंदलेल्यांपैकी! परगावी गेलेली, आजारी, मेलेली पण यादीत राहिलेली, सगळ्या दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. तरीही कित्येक गावांत बाटली आडवी झाली. इंग्लंडच्या एका तरी गावात बायकांना असं मत कधी दिलं होतं का? वारसा ठरवणाऱ्यांच्या टेबलाभोवती कोण बसतं, हा माझा प्रश्न आहे.

किचकट

मत दिलं नव्हतं, पण सरकारने पबच ताब्यात घेतल्याचं उदाहरण तुमच्या याच लाइनच्या टोकाला आहे. कार्लाइल! पहिल्या महायुद्धात जवळच ग्रेटनाला दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. हजारो मजूर, हातात भरपूर पैसा, आणि संध्याकाळची गाडी धरून कार्लाइलला. स्टेशनाजवळच्या एका बारमध्ये गाडी यायच्या आधीच व्हिस्कीचे पाचशे पेले भरून ओळीने मांडलेले असायचे, असं सांगतात. १९१६ मध्ये सरकारने त्या भागातले पब आणि बिअरचे कारखाने विकत घेतले. दुकानदार पगारी नोकर झाला, त्यामुळे जास्त विकण्यात त्याचा फायदा उरला नाही. जेवण ठेवलं, बसायला नीट जागा केल्या, दुसऱ्याला पाजण्यावर बंदी आली. ही सरकारी पबांची व्यवस्था युद्ध संपल्यावरही चालू राहिली, थेट १९७३ पर्यंत. बंदीही नाही आणि मोकाटही नाही, असा तिसरा रस्ता ५७ वर्षं चालला.

कांदाभजी

म्हणजे सरकारी गुत्ता. आपल्याकडे आला असता तर "आज स्टॉक नाही, उद्या या, आधार कार्डाची झेरॉक्स आणा." ह. घ्या.

पागोळी

मी यातली तज्ज्ञ नाही, इंग्लंडमध्ये प्लॅनिंगच्या खात्याशी कामानिमित्त संबंध येतो तेवढाच. 'संरक्षण द्या' म्हणजे काय द्या, हे कुणीच सांगत नाहीये, म्हणून लिहिते.

२०११ च्या कायद्यानुसार इंग्लंडमधल्या गावकऱ्यांना पब 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून कौन्सिलकडे नोंदवता येतो. मालक विकायला निघाला की गावाने सहा आठवड्यांत "आम्हाला घ्यायचाय" म्हणावं, मग पैसे उभे करायला एकूण सहा महिने. पण मालकाने गावालाच विकावं अशी सक्ती नाही. २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला परवानगी लागते. आधी बऱ्याचदा लागत नव्हती.

तरी काय होऊ शकतं ते २०२३ मध्ये दिसलं. स्टॅफर्डशरमधलं क्रुकेड हाउस, १७६५ चं शेतघर, खाली कोळसा खणल्यामुळे एका अंगाला कललेलं. आत टेबलावर गोटी चढावर गेल्यासारखी दिसायची. विकलं गेल्यावर थोड्याच दिवसांत, ५ ऑगस्टला आग लागली आणि ७ ऑगस्टला यंत्र लावून जमीनदोस्त. वारसा यादीत नाव नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने पुन्हा बांधायचा हुकूम काढला. पण अडीचशे वर्षांचा तिरकेपणा नव्या विटांत कसा आणणार?

दुसरं टोक म्हणजे कंब्रियातलं हेस्केट न्यूमार्केट. तिथला ओल्ड क्राउन २००३ मध्ये गावकऱ्यांनीच सहकारी तत्त्वावर घेतला. सहकार म्हटल्यावर आपल्या लोकांना साखर कारखाना आठवेल, पण इथे चेअरमनची निवडणूक एवढी तापत नाही.

मला विचाराल तर कायद्याहून मोठा शत्रू सरळ आहे. २००० च्या सुमारास या देशात साठ हजार पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास. सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, वीजबिल, घरभाडं. खेड्यात तर १९६७ ला श्वास तपासायचं यंत्र आलं, तेव्हापासून गाडी घेऊन पबला जाणं जपून करायची गोष्ट झाली. रिबलहेडचं नशीब हे की दारात स्टेशन आहे. पबने रेल्वेच्या आठवणी जपल्या असतील, पण पबला गिऱ्हाईक आणून देते ती रेल्वेच.

कर्जतचा बँकर

पागोळीताईंना +१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. रेल्वे आधी, बाकी सगळं मागून.

घाटवाट

उशिरा येतोय. रविवारी परत गेलो होतो. या वेळी रिबलहेडला उतरून आधी पब नाही, चॅपेल-ल-डेलचं चर्च. तासाभराहून जास्त चाल आहे, रस्त्याच्या कडेने, मेंढ्या बघत.

आत भिंतीवर संगमरवरी फलक आहे. सेटल ते डेंट हेड या टप्प्यात रेल्वेच्या कामावर अपघातांत जीव गमावलेल्यांच्या स्मरणार्थ, १८६९ ते १८७६. खाली लिहिलंय की खर्च सोबतच्या मजुरांनी आणि मिडलंड कंपनीने मिळून केला. मजुरांनी वर्गणी काढली, हे मला ठाऊक नव्हतं. सगळेच पैसे बिअरमध्ये गेले नव्हते, उंबराताई. पण तुमचाही मुद्दा तिथेच सापडला. फलकावर नाव एकाचंही नाही, आणि शब्द 'अपघातांत' असा आहे. देवीने गेलेले त्यात बसत नाहीत. झोपडीत गेलेल्या बायका आणि पोरं त्यात बसत नाहीत. बाहेर आवारात त्यांच्यासाठी नंतरचं एक स्मारक आहे, ते व्हायला २००० साल उजाडलं.

परत येऊन पबमध्ये बसलो. पुलाखालची वस्त्यांची जमीन आता संरक्षित आहे, गवतात झोपड्यांचे चौथरे नि जुन्या ट्रामवेच्या रेषा अजून दिसतात. भिंतीवर पुलाचे फोटो होते. चर्चमधल्या फलकाबद्दल काही दिसलं नाही. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, त्याचा एक फोटो मी आणून दिला तर लावाल का? "आणा, बघू," म्हणाल्या. भाचासाहेब, तुमच्या मामांची गोष्ट तिथे लावायला मात्र धीर झाला नाही.

स्मेदिकचा भाचा

ती स्मेदिकला लावू. तुम्ही तुमची भिंत सांभाळा.

उंबरा

मुलांची नावं कुठेच नाहीत का?

घाटवाट

चर्चच्या दफन नोंदवहीत आहेत. नाव, वय, आणि राहण्याच्या जागी 'बॅटी ग्रीन', 'सेबास्टोपोल' असं. काही वयं महिन्यांत आहेत.

उंबरा

मग फलकाचा फोटो नका नेऊ. त्या पानाचा न्या.

कर्जतचा बँकर

मुलगी मँचेस्टरला असते, एप्रिलात बोलावतेय. येतो. मी पूल बघेन आणि सोडा पिईन. तुम्ही त्या कागदी चकत्या मात्र तयार ठेवा. जाड खांब तिथे आहे हे मान्य, पण त्यापलीकडच्या कमानी रेट्याने सरकणार नाहीत हे तुमच्या कुत्रेवाल्या आजोबांनी टिचकीने दाखवलं असलं, तरी मला अजून पटलेलं नाही.